पट्टीचा नंबर प्रोग्रॅम बंद केला की विसरतोय, स्वतःच्या कोडमध्येच लिहून ठेवता येतो का?

हळदपेठ_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे, हळद मुख्य आणि थोडा बेदाणा. शेतकऱ्याला द्यायची पट्टी आजवर हातानेच लिहायचो, आता मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, नाव गाव पोती वजन भाव टाकला की हमाली तोलाई वगैरे वजा होऊन पट्टी प्रिंट होते. हिशोब बरोबर येतोय, घोळ फक्त पट्टीच्या नंबरचा आहे. कोडमध्ये वरती एक ओळ आहे, पट्टी नंबर बरोबर १. प्रत्येक पट्टीला तो एकने वाढतो पण संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला की दुसऱ्या दिवशी परत १ पासून सुरू.

मग मी असं केलं की प्रोग्रॅम बंद होताना स्वतःचीच फाईल उघडतो, ती ओळ शोधतो आणि १ च्या जागी नवीन नंबर लिहून टाकतो. माझ्या लॅपटॉपवर हे मस्त चाललं. पण काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर पायथॉन नाही म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथॉनचा कोड पायथॉन नसलेल्या कॉम्प्युटरवर चालेल असा बांधून देणारं साधन) एकच एक्झी फाईल करून वडिलांना दिली तर तिथं परत रोज १!! एरर काही येत नाही, नुसता नंबर विसरतो.

दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक, लॅपटॉपवर चालतं ते एक्झीमध्ये का चालत नाही. दोन, प्रोग्रॅमने स्वतःलाच बदलणं ही पद्धत बरोबर आहे का, मोठे प्रोग्रॅम काय करतात. नुसता तयार कोड नकोय, आत काय होतं ते कळलं तर बरं.

कोयनाकाठ_कराड

दादा प्रश्न चांगला विचारलात, नीट सांगतो, थोडं लांबेल.

डिस्कवर पडलेली फाईल आणि मेमरीत चालू असलेला प्रोग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायथॉन तुमची फाईल सुरुवातीला एकदाच पूर्ण वाचतो, तिचा बाइटकोड करतो, म्हंजे त्याला थेट चालवता येतील अशा बारीक सूचना, आणि मग तो बाइटकोड चालवत बसतो, फाईलकडे परत बघत नाही. म्हणून चालू असताना तुम्ही फाईलमध्ये काही बदललं तरी त्या वेळच्या रनला पत्ताच लागत नाही, पुढच्या वेळी फाईल नव्याने वाचली जाते तेव्हा नवीन नंबर दिसतो. म्हंजे तुमचा प्रोग्रॅम स्वतःला बदलत नव्हता, पुढच्या वेळच्या प्रोग्रॅमला निरोप ठेवून जात होता. सगळ्या भाषांत असंच असतं असंही नाही बरं का, विंडोजच्या बॅच फाईल ओळीओळीने वाचल्या जातात, चालू बॅच फाईल तुम्ही मध्येच सेव्ह केली तर पुढची ओळ नव्या फाईलमधली उचलली जाते आणि भलतंच काहीतरी चालतं. बॅश स्क्रिप्टचंही तसंच.

आता एक्झीचं. पायइन्स्टॉलरची एकच फाईल केलीत की ती दर वेळी सुरू होताना आतलं सगळं सामान विंडोजच्या टेंप फोल्डरमध्ये एक तात्पुरतं फोल्डर करून तिथे उलगडते, त्याचं नाव _एमईआय ने सुरू होतं. तुमचा कोड ज्याला 'माझी फाईल' समजतो तो पत्ता या तात्पुरत्या फोल्डरातला. प्रोग्रॅम बंद झाला की हे फोल्डर पुसलं जातं, त्यात जे काही लिहिलं असेल त्याच्यासकट. एरर येत नाही ती तुमच्या कोडमध्ये ट्राय-एक्सेप्टने, म्हंजे एरर पकडून पुढे जाणाऱ्या ओळींनी, एरर गिळली जात असेल किंवा तिथे खरंच एक फाईल लिहिली जाऊन पुसली जात असेल, कोणतं ते कोड बघितल्याशिवाय सांगत नाही. कसंही असलं तरी नंबर टिकणार नाही.

मग खऱ्या एक्झीतच लिहू म्हणाल तर विंडोज चालू असलेल्या एक्झीवर लिहूच देत नाही, फाईल लॉक असते. लिनक्सवर 'टेक्स्ट फाईल बिझी' अशी एरर येते. मग क्रोमसारखे प्रोग्रॅम स्वतःला अपडेट कसे करतात? ते चालू फाईलला हात लावत नाहीत, शेजारी नवी फाईल आणून ठेवतात. विंडोजवर चालू एक्झीवर लिहिता येत नसलं तरी तिचं नाव बदलता येतं, त्यामुळे जुनीचं नाव बदलायचं, नवी त्या नावाने ठेवायची आणि पुढच्या वेळी नवी सुरू होते. किंवा वेगळा छोटा अपडेटर असतो, तो मुख्य प्रोग्रॅम बंद करून फाईल बदलून परत सुरू करतो. आणि एक्झी सही केलेली असेल तर एक बाइट बदलला तरी डिजिटल सही मोडते, अँटीव्हायरसलाही असली एक्झी संशयास्पद वाटते कारण व्हायरस हेच करत आले, दुसऱ्या एक्झीत स्वतःला घुसवायचं आणि दर वेळी रूप बदलायचं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट सांगतो, या कामाला ही पद्धत नको. आडतीच्या दुकानात मुनीम बदलला तरी खतावणी तीच राहते, तसा कोड वेगळा आणि लक्षात ठेवायची माहिती वेगळी. उद्या तुम्ही तोलाईचा दर दुरुस्त करून नवी एक्झी वडिलांना द्याल तेव्हा नंबर जुन्या एक्झीतच राहून गेला तर काय करणार?

माहिती ठेवायची जागाही विंडोजमध्ये ठरलेली आहे, युजरच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात तुमच्या प्रोग्रॅमच्या नावाचं फोल्डर करा. प्रोग्रॅम फाईल्समध्ये नको, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते.

वाळवा_७

एक जेसन फाईल करा, म्हंजे माहिती ठेवायची साधी मजकुराची फाईल, त्यात नंबर ठेवा, सुरू होताना वाचा, पट्टी झाली की लिहा. पाच ओळींचं काम आहे, एवढं लांब कशाला.

हळदपेठ_सांगली

कोयनाकाठ, लई उपकार. तात्पुरत्या फोल्डरचं वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला, टेंपमध्ये जाऊन बघितलं तर खरंच तसं फोल्डर दिसलं आणि प्रोग्रॅम बंद केल्यावर गेलं.

वाळवा भाऊ तुम्ही सांगितलं तसं जेसन केलं. चाललं. पण काल दुपारी सौदे चालू असताना लाईट गेली, काउंटरच्या कॉम्प्युटरला यूपीएस नाही. परत सुरू केलं तर प्रोग्रॅम उघडेचना, बघितलं तर जेसन फाईल शून्य बाइटची. मी फक्त ३१२ चं ३१३ करत होतो, तर आख्खी फाईल कशी काय रिकामी झाली? जुना ३१२ तरी राहायला पाहिजे होता ना.

कोयनाकाठ_कराड

इथेच खरा विषय सुरू होतो. लक्षात ठेवणं सोपं आहे हो, मध्येच लाईट गेली तरी लक्षात ठेवणं अवघड आहे, आणि यात लोक दुर्लक्ष करतात ते बघून मला वाईट वाटतं कारण भोगतो तो काउंटरवरचा माणूस.

फाईल तुम्ही लिहिण्यासाठी 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली की पहिलं काम काय होतं तर फाईलची लांबी शून्य केली जाते. ३१२ तिथेच गेला. मग तुम्ही ३१३ लिहिता तो आधी रॅममधल्या पायथॉनच्या स्वतःच्या तात्पुरत्या जागेत (बफर), फाईल क्लोज केली की तिथून ऑपरेटिंग सिस्टिमच्या रॅममधल्या जागेत (कॅश), आणि तिथून सिस्टिमच्या सवडीने डिस्कवर. म्हंजे तुमच्या कोडने 'लिहिलं' म्हटलं तरी पुढचे काही सेकंद ते नुसतं रॅममध्ये असू शकतं. या मधल्या वेळात लाईट गेली की जुनं पुसलेलं आणि नवं पोचलेलं नाही.

उपाय जुना आणि पक्का आहे. चालू फाईलला हातच लावायचा नाही. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाची तात्पुरती फाईल उघडा, तिच्यात पूर्ण मजकूर लिहा, फ्लश करा म्हंजे बफर रिकामा होतो, मग ओएस मॉड्यूलमधलं एफसिंक बोलवा, ते डिस्कवर खरंच पोचेपर्यंत थांबून राहतं. आणि शेवटी ओएस डॉट रिप्लेसने ती फाईल जुन्या नावावर चढवा. नाव बदलणं हे एका झटक्यात होतं, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाईल दिसते नाहीतर पूर्ण नवी, अर्धवट कधीच नाही. तात्पुरती फाईल त्याच फोल्डरमध्ये म्हटलं ते मुद्दाम, दुसऱ्या ड्राइव्हवर असली तर नाव बदलणं होत नाही, कॉपी करावी लागते आणि मग झटका उरत नाही.

पण तुमच्या कामाला मी म्हणेन जेसन सोडा, एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस घ्या. वेगळं काही बसवायचं नाही, २००६ च्या २.५ आवृत्तीपासून पायथॉनबरोबरच येतं, सगळा डेटाबेस एका फाईलमध्ये. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हेच आहे. त्याचं महत्त्वाचं काम म्हंजे ट्रान्झॅक्शन. तुमच्याकडे नुसता नंबर लक्षात ठेवायचा नाही, नंबर आणि पट्टी दोन्ही एकत्र जायला पाहिजेत. नंबर वाढला पण पट्टी सेव्ह झाली नाही तर मध्ये एक नंबर गायब, पट्टी सेव्ह झाली नि नंबर वाढला नाही तर एकच नंबर दोन शेतकऱ्यांना. दोन्ही गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, एकतर दोन्ही होतील नाहीतर एकही नाही. आत काय करतं तर डेटाबेस फाईलचा एखादा तुकडा, त्याला पान म्हणतात, बदलायच्या आधी जुन्या पानाची नक्कल शेजारच्या जर्नल फाईलमध्ये टाकतं, मध्येच लाईट गेली तर पुढच्या वेळी उघडताना जर्नल सापडतं आणि त्यावरून जुनं परत जसंच्या तसं लावतं. तुम्हाला काही करावं लागत नाही.

आणि प्रिंट कमिट झाल्यावरच, म्हंजे ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच द्या, आधी नको. कागद हातात गेला आणि डेटाबेसमध्ये नोंद नाही अशी वेळ येता कामा नये. उलटं झालं, नोंद आहे पण प्रिंट निघाली नाही, तर परत प्रिंट काढता येते.

एक सूचना, पुढे दुसरं काउंटर केलंत तर ही फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून दोन कॉम्प्युटरवरून उघडू नका. नेटवर्कवरचं फाईल लॉकिंग भरवशाचं नसतं, एसक्यूलाइटवाले स्वतः तसं सांगतात. तेव्हा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल बघा, ते अनेक कॉम्प्युटरांनी एकदम वापरायचे डेटाबेस आहेत. व्यापाऱ्याला जीएसटीचं बिल करणार असाल तर त्याची मालिका वेगळी ठेवा, नियम ४६ प्रमाणे नंबर सलग हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात परत यायला नको.

द्राक्षबाग_तासगाव

विषय माझ्या जिव्हाळ्याचा निघाला म्हणून लिहितो. मी बागेसाठी ठिबकचा कंट्रोलर करतो, अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर. कोणत्या व्हॉल्व्हला किती पाणी झालं ते लक्षात ठेवायचं, कारण शेतीची लाईट कधी येईल कधी जाईल, आली की जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू व्हायला पाहिजे.

तिथं हार्डडिस्क नाही, फाईल नाही. ऊनोवर जी एटीमेगा३२८पी चिप आहे तिच्यात ३२ केबी फ्लॅश (यात प्रोग्रॅम राहतो), २ केबी रॅम आणि १ केबी ईईप्रॉम (यात थोडी माहिती ठेवता येते). रॅम लाईट गेली की साफ. ईईप्रॉम टिकतं. पण त्याला आयुष्य आहे, कंपनीच्या माहितीपत्रकात एका जागेवर १,००,००० वेळा लिहिणं दिलंय. हा आकडा मोठा वाटतो, हिशोब करा, दर सेकंदाला एकाच बाइटवर लिहिलं तर २८ तासांत संपला! दर मिनिटाला लिहिलं तर सत्तर दिवसांच्या आत. म्हणून मी एकाच जागी लिहीत नाही, ६४ जागा घेतल्यात आणि फिरत फिरत लिहितो, प्रत्येक नोंदीबरोबर अनुक्रमांक, चालू झाल्यावर सगळ्यात मोठा अनुक्रमांक कुठे ते शोधायचं. आयुष्य त्या पटीत वाढतं. एसएसडी आणि पेनड्राइव्ह आतल्या आत असंच करतात. राइटऐवजी अपडेट फंक्शन वापरा, किंमत तीच असेल तर ते लिहीतच नाही.

लाईट जाताना एकदम जात नाही हेही ध्यानात घ्या, व्होल्टेज हळूहळू पडतं आणि पडत्या व्होल्टेजला चिप वेड्यासारखी वागून ईईप्रॉममध्ये कचरा लिहू शकते. त्यासाठी ब्राऊनआउट डिटेक्शन चालू ठेवायचं, ठराविक व्होल्टच्या खाली चिप रीसेटमध्येच थांबते. शिवाय प्रत्येक नोंदीला चेकसम लावा, म्हंजे नोंदीवरून काढलेला पडताळणीचा आकडा, चेकसम जुळला नाही तर त्याच्या आधीची नोंद घ्यायची. एवढं केल्यावर माझे कंट्रोलर उन्हाळ्यातही नीट चालतात.

आणि स्वतःला बदलायचं म्हणाल तर ही चिप रॅममधून कोड चालवतच नाही, कोड फक्त फ्लॅशमधून. तरी स्वतःचा फ्लॅश बदलायची एक वाट ठेवलीय, बूटलोडर नावाचा छोटा तुकडा वेगळ्या भागात बसतो आणि फक्त त्यालाच फ्लॅशवर लिहायची मुभा. यूएसबी लावून तुम्ही नवा प्रोग्रॅम टाकता तेव्हा हाच तुकडा बाकीचा फ्लॅश पुसून नवा लिहितो.

अजिंक्यतारा_निवृत्त

मी साताऱ्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवत होतो. वर सगळ्यांनी सांगितलंय की कोड बदलू नका आणि ते योग्यच आहे, पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आलेली कल्पना चुकीच्या जागी आली असली तरी कॉम्प्युटरच्या पायातलीच कल्पना आहे, तेवढं सांगायचंय.

१९४५ साली गणितज्ञ फॉन नॉयमनच्या एडव्हॅक या अमेरिकन कॉम्प्युटरवरच्या अहवालात सूचना आणि आकडे एकाच मेमरीत ठेवायची रचना मांडली. मेमरीतला आकडा बदलता येतो, सूचना हाही तिथे आकडाच, म्हणून प्रोग्रॅमला स्वतःची सूचना बदलता येते. आणि तेव्हा हे करावंच लागायचं. समजा १०० आकड्यांची बेरीज करायचीय. आजच्यासारखी अ‍ॅरे नि इंडेक्सची सोय नव्हती, सूचना असायची 'पत्ता ५०० वरचा आकडा मिळव'. पुढचा आकडा हवा तर प्रोग्रॅम ती सूचनाच आकडा म्हणून उचलायचा, तिच्यात एक मिळवायचा, झाली 'पत्ता ५०१ वरचा आकडा मिळव', ती परत त्याच जागी ठेवायची आणि फेरा परत मारायचा. प्रत्येक लूप स्वतःला बदलत चालायचा. केंब्रिजच्या एडसॅक मशीनवर डेव्हिड व्हीलरने सबरूटीन, म्हंजे कुठूनही बोलावता येणारा कोडचा तुकडा, काढली तिच्यातही हेच, आत जाताना तिची शेवटची सूचना बदलून 'जिथून आलास तिथे परत जा' अशी करायची. मँचेस्टरच्या मार्क १ मध्ये १९४९ साली इंडेक्स रजिस्टर आलं, पत्त्यात मिळवायचा आकडा वेगळा ठेवता आला, आणि तेव्हापासून ही गरज हळूहळू संपत गेली.

त्या काळातली आणखी एक गंमत, पुढे फेराइट कोअरची मेमरी आली, बारीक चुंबकी कड्यांची, ती वीज गेली तरी विसरत नसे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये टिफ्रॅक नावाचं मशीन आपल्या लोकांनी बांधलं, १९६० मध्ये कामाला लागलं, त्यातही कोअर मेमरीच होती. नंतर चिपवरची स्वस्त रॅम आली आणि वीज गेली की सगळं पुसलं जाणं हे आपण गृहीत धरायला लागलो.

आज कोड बदलणं बंद झालंय असंही समजू नका. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट इंजिन, जावाचं व्हर्च्युअल मशीन, हे चालता चालता कोणता भाग जास्त वेळा चालतोय ते बघतात आणि त्याचा खास मशीन कोड जागच्या जागी तयार करतात. लिनक्स कर्नल, म्हंजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना प्रोसेसर कोणता आहे ते बघून स्वतःच्याच काही सूचना बदलून घेतो. फरक एवढाच की आता यावर पहारा आहे. मेमरीचं एक पान, म्हंजे ठराविक आकाराचा तुकडा, लिहिण्यासाठी खुलं असेल तर चालवण्यासाठी बंद, चालवण्यासाठी खुलं असेल तर लिहिण्यासाठी बंद. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने २००३ साली हा नियम आणला, विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये २००४ साली डेटाची पानं चालवायला मनाई करायची सोय आली. बाहेरून आलेला मजकूर डेटा म्हणून घुसवायचा आणि तो कोड म्हणून चालवायचा ही हल्लेखोरांची जुनी वाट त्याने बरीच अडली.

हळदपेठ_सांगली

सर, हे कुठल्याच क्लासला कोणी सांगितलं नाही, सूचनेत एक मिळवायचं वाचून दोनदा परत वाचलं. तासगावकर तुमच्या चेकसमची कल्पना मी पण घेतो. एसक्यूलाइट केलंय, चालू असताना मुद्दाम प्लग काढून बघितला, पट्ट्या सगळ्या जागेवर.

एक शेवटचं विचारतो. हे शिकणारे प्रोग्रॅम, एआय म्हणतात ते, शिकतात म्हंजे स्वतःचा कोड बदलतात का? मला पुढेमागे राजापुरी हळदीचे रोजचे भाव साठवून काहीतरी अंदाज काढायची इच्छा आहे.

कोयनाकाठ_कराड

नाही, तिथेही कोड तोच राहतो. बदलतात ते आकडे, ज्यांना वेट्स म्हणतात, आणि ते एका फाईलमध्ये ठेवले जातात. शिकवताना आकडे थोडे थोडे सरकवत न्यायचे, शिकवून झालं की फाईल सेव्ह, पुढच्या वेळी तीच लोड करायची. मोठी चॅट मॉडेलंसुद्धा तुमच्याशी बोलता बोलता आपले वेट्स बदलत नाहीत, आधीचं बोलणं लक्षात आहे असं वाटतं तेव्हा अ‍ॅपने कुठेतरी नोंद ठेवलेली असते आणि ती प्रश्नाबरोबर परत मॉडेलला वाचायला दिली जाते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण आर्थर सॅम्युएलचं. आयबीएमच्या मशीनवर त्याने चेकर्स हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्रॅम केला, त्यावरचा त्याचा लेख १९५९ चा आहे. खेळताना आलेल्या पटाच्या स्थिती आणि त्यांचे काढलेले गुण तो प्रोग्रॅम मॅग्नेटिक टेपवर साठवायचा. पुढच्या खेळात तीच स्थिती आली की परत हिशोब करत बसायचं नाही, टेपवरचे गुण घ्यायचे आणि वाचलेला वेळ आणखी पुढच्या चाली बघायला वापरायचा. सूचना त्याच, टेप वाढत गेली आणि खेळ सुधारला.

हळदीच्या भावासाठी आत्तापासून एक करा, रोजचा किमान कमाल आणि सरासरी भाव, आवक किती पोती आणि तारीख, हे वेगळ्या टेबलमध्ये टाकायला लागा, मॉडेल नंतर ठरवता येईल पण आज न टाकलेला भाव दोन वर्षांनी कुठून आणणार. टेबलची रचना पुढे बदलेलच, म्हणून डेटाबेसमध्ये रचनेचा आवृत्ती क्रमांक ठेवा, एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी युजर व्हर्जन नावाची जागा आयतीच आहे. नवी एक्झी सुरू झाली की आधी तो क्रमांक बघायचा, जुना असेल तर फाईलची एक कॉपी काढून मग रचना बदलायची आणि क्रमांक वाढवायचा, या शेवटच्या दोन गोष्टी एका ट्रान्झॅक्शनमध्ये. ती कॉपी त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका, आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर घेऊन घरी न्या. डेटाबेस चालू असताना फाईल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट कॉपी होऊ शकते. पायथॉनच्या ३.७ आवृत्तीपासून एसक्यूलाइटच्या कनेक्शनवर बॅकअप नावाचं फंक्शन आहे, ते चालू डेटाबेसची नीट कॉपी काढून देतं.

हळदपेठ_सांगली

बॅकअपचं बटणच करून टाकतो, वडिलांना संध्याकाळी दुकान बंद करताना दाबायला सांगतो. भावाचं टेबल उद्याच्या सौद्यापासून सुरू.